एकाच नावाची सून

जगातल्या कुठल्याही माणसाला त्याच्या भाषेत नाव विचारू शकेल असा गृहस्थ भांडुपमध्ये एकच आहे, आणि तो आमच्या शेजारी राहतो. काका जहाजावर खलाशी होते. प्रत्येक बंदरात त्यांनी एवढं एकच वाक्य शिकून घेतलं. नाव सांगून समोरच्याने पुढे काही विचारलं, की ते नुसते हसतात. घाटकोपरच्या मेट्रोत त्यांनी जपानी वाटलेल्या एका मुलीला जपानीत विचारलं, "ओनामाए वा?" ती म्हणाली, "काका, मी लिली. तुमच्याच गल्लीत राहते ना!" काकांनी तरीही तिला जपानी पद्धतीने कमरेत वाकून नमस्कार केला. आडनाव मात्र ते कुणालाच विचारत नाहीत. "नाव विचारलं की ओळख होते, आडनाव विचारलं की चौकशी," असं त्यांचं म्हणणं. आमच्या सोसायटीला हे पटत नाही. इथे आडनाव, गाव आणि घरात मासे शिजतात का, हे कळल्याशिवाय कुणी कुणाला चहा विचारत नाही.

त्यांच्या मुलाने, तोही जहाजावरच, इंडोनेशियातली मुलगी पसंत केली. ती आली तेव्हा नाव माहीत असूनही काकांनी दारातच विचारलं, "सियापा नामा आंदा?"

"नामा साया लेस्तारी," ती म्हणाली, आणि परक्या गावात आपली भाषा ऐकून तिला रडूच आलं.

सोसायटीचे सेक्रेटरी तिथेच होते. "पूर्ण नाव?"

"लेस्तारी."

"पुढे?"

"पुढे काही नाही. त्यांच्याकडे बऱ्याच जणांना एकच नाव असतं," मुलगा म्हणाला.

"मग माणूस कोणातला, ते कळणार कसं रे?" सेक्रेटरी खरोखर हवालदिल झाले.

लग्नात काकूंनी ताटात तांदूळ पसरले. सुनेचं नवं नाव त्यावर अंगठीने लिहायची त्यांच्या घरची रीत. काकूंनी 'ललिता' ठरवलं होतं. काय चाललंय ते मुलाने लेस्तारीला समजावलं, तेव्हा तिने मान हलवून नको म्हटलं. त्याने अंगठी खाली ठेवली. बायकोपुढे कधी तोंड न उघडणारे काका म्हणाले, "अगो, तिका एकच नाव आसा. ता पुसलंस तर रवतला काय?"

"माजा पुसला तेवा तुमी खय होतास?" काकू म्हणाल्या.

मग काकूंनीच हाताने तांदूळ सारखे केले आणि मुलाला म्हणाल्या, "लिव रे, तिचाच लिव."

जोडपं आता जहाजावर आहे. संध्याकाळी भिंतीपलीकडून काकांची हाक ऐकू येते, "शेवंती!" हे काकूंचं माहेरचं नाव. हाक आपल्यालाच आहे, हे काकूंच्या अजून चटकन लक्षात येत नाही.