तांदळातले नाव

६ नोव्हेंबर २०२३, सोमवार, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटे. शारजातील अल नहदाच्या एका टायपिंग सेंटरमध्ये मी, इथे नोकरी करणाऱ्या माझ्या मुलासह बसलो होतो. निवास परवान्याचे अर्ज अशा दुकानांतून भरून घेतात. माझ्या व्हिजिट व्हिसाचे अकरा दिवस उरले होते. त्यानंतर परवाना, नाहीतर पुण्याचे बंद घर आणि मी एकटा.

टायपिस्ट केरळचा, पन्नाशीचा. आमच्याशी हिंदीत बोलत होता. मुलाने आणायचे तर आई-वडील दोघांना आणायचे, असा इथला नियम. एकालाच आणायचे असेल तर कारणाचा कागद लागतो. मी पत्नीच्या मृत्यूचा दाखला पुढे केला. त्याने तो माझ्या पासपोर्टशेजारी ठेवला, चष्मा वर सरकवला आणि आवाज खाली आणला.

"अंकल, ये तो कोई दूसरी लेडी है।"

"माझीच बायको आहे," मी म्हणालो. मुलाने ते हिंदीत सांगितले.

"मैं मानता हूँ। सिस्टम नहीं मानेगा। पेपर में आपकी मिसेस अभी ज़िंदा है, खाली इधर आने को राज़ी नहीं है।"

माझ्या पत्नीला हे वाक्य आवडले असते.

चूक माझी होती. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने मी तिचे नवे नाव लिहिले. ते माझ्या आईने निवडले होते. पत्नीला कोणी विचारले नव्हते. घरात तेच चालले. ती ज्या शाळेत पस्तीस वर्षे शिकवीत होती, तिथल्या मस्टरवर मात्र माहेरचे नाव राहिले. पुढे आधार कार्डावरही तिने तेच घातले. मी कारण विचारले नाही. पासपोर्टचा अर्ज भरताना पत्नीच्या रकान्यात मी ताटातले नाव लिहिले. इस्पितळाने आधार कार्ड पाहिले, म्हणून मृत्यूच्या दाखल्यावर माहेरचे नाव आले.

"मतलब बाबा को वापस भेजना पड़ेगा?" मुलाने विचारले.

"अरे नहीं। कॉन्सुलेट में एफिडेविट दो, दोनों नाम एक ही औरत के। महाराष्ट्र वालों का ऐसा केस आता रहता है।" त्याने चहा मागवला. माझ्या चहात साखर चालेल का, तेही विचारून घेतले. मग मसुदा टाइप करू लागला आणि थांबला. "अंकल, पहले कौन सा नाम?"

मुलगा घरातले नाव सांगू लागला.

"माहेरचं," मी म्हणालो.

"बाबा, आईला सगळे त्याच नावानं..."

"माहेरचं आधीचं आहे. तेच आधी लिहू दे."

मुलाने तसे सांगितले. टायपिस्टने प्रत्येक अक्षर मला पडद्यावर दाखवले.

ते शपथपत्र चालले. रक्ततपासणी, छातीचा एक्स-रे, बोटांचे ठसे, सारे होऊन परवाना मुदतीत मिळाला. त्या दिवशी यातले काही ठाऊक नव्हते.

दुपारी नात शाळेतून आली. तिच्या वडिलांनी तिला घडले ते सांगितले.

"आजोबा, व्हॉट वॉज आजीज् फर्स्ट नेम? द ओल्ड वन?"

मी सांगितले. तिने ते दोनदा म्हणून पाहिले. आमच्या घरात ते नाव त्याआधी कोणी मोठ्याने घेतल्याचे मला आठवत नाही.

मग मी मसुद्याच्या तीन प्रतींचे कोपरे जुळवले, त्या टाचल्या आणि बुधवारच्या अपॉइंटमेंटसाठी फाइलमध्ये सर्वांत वर ठेवल्या.