उलटे आटे

आमच्या पिकअपची चाकं मिठाने खाल्ली. सासऱ्यांनी ती गाडी दुसरी मोठी लढाई संपल्यावर लष्कराच्या लिलावात घेतली होती. तेव्हापासून ती उरण रस्त्यावरच्या आमच्या गावातून मिठाच्या गोणी पनवेलच्या बाजारात नेत होती. गोणी पाझरायच्या आणि खारं पाणी चाकांवर ठिबकायचं. मी लग्न होऊन त्या घरात आले तेव्हा चाकांच्या पत्र्याचे पापुद्रे नखाने निघत होते.

नवरा मुंबईला गोदीत कामाला. सासऱ्यांचं उजवं मनगट गाडी सुरू करायला हँडल मारताना उलटा झटका बसून मोडलं होतं आणि वाकडंच जुळलं होतं. स्टीअरिंग ते धरत, पण पाना काही त्यांच्या हातात राहत नसे. मग पाना माझ्याकडे आला. सासऱ्यांना मी मामा म्हणायचे. मामा सांगायचे, मी करायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बजावलं होतं, "डाव्या अंगाच्या चाकांना आटे उलटे हायत. सोडवायचं असंल तर आवळल्यासारखं फिरव. चालत्या गाडीत नट सैल पडू नयेत म्हनून कंपनीनं तसं केलंय."

एका सकाळी भरल्या गाडीचं मागचं चाक नटांभोवती चिरलं. मी रस्त्यावर गोणी उतरवून स्टेपनी चढवत होते. तेवढ्यात बाजारातले लॉरीवाले शेठ मागून आले. आजूबाजूच्या गावांचं सगळं मीठ आपल्याच लॉरीतून जावं असं त्यांना फार दिवस वाटत होतं. लॉरीतूनच म्हणाले, "म्हातारबा, आता ही भंगारात घाला. मीठ माझ्याकडे द्या. आणि हे काय, सून पाना फिरवते? मग मुलगा भाकऱ्या थापतो का?"

मामा काही बोलायच्या आत मी म्हणाले, "थापतो की. मुंबईत एकटा राहतो, स्वतः करून खातो. तुम्हाला येतात का?"

शेठ लॉरी काढून निघून गेले. मामा बराच वेळ हसत होते. मला मात्र हसू येत नव्हतं. गाडी भंगारात जाणार नाही, हे मी त्या रस्त्यावरच ठरवलं.

नवऱ्याने कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडे शोधाशोध केली. त्याच कंपनीची, पण बरीच नंतरची एक पिकअप घाटात उलटली होती. तिची चारही चाकं धड होती. भोकं पाच आणि अंतरही तेच, दोरीने मापून त्याने खात्री केली. लाँचीतून ती चाकं मोऱ्याच्या बंदरात उतरली आणि तिथून बैलगाडीने घरी आली. त्यांच्यापुढे आमची गाडी आणखीच म्हातारी दिसू लागली.

मामांच्या मनात होतं की एवढं काम गॅरेजात व्हावं. आम्ही पनवेलला गेलो. मिस्त्रीने डाव्या चाकाला आमचाच पाना लावला आणि सरळ दिशेने जोर केला.

मी म्हणाले, "उलटे आटे आहेत. दुसरीकडे फिरवा."

"बाई, वीस वर्षं हेच करतोय. मला शिकवू नका."

त्याने पान्यावर पाइप चढवला आणि सगळं अंग टाकलं. कटकन आवाज झाला आणि नटासकट बोल्टचं टोक जमिनीवर पडलं. मिस्त्रीने ते उचलून पाहिलं आणि म्हणाला, "गाडीच सडलीय. हिला नवी चाकं बसणारच नाहीत."

मी त्याच्या हातातून आमचा पाना काढून घेतला. "मामा, चला. आपलं आपण करू."

घरच्या अंगणात दोन दिवस खपून मी चारही चाकं चढवली. पण मैदानात फेरी मारताच गाडी थरथरू लागली. परत उतरून पाहिलं तर सगळे नट सैल. एक नट काढून उन्हात धरला. त्याच्या बुडाला फक्त कडेवर घासल्याची चकचकीत रेघ होती, बाकी सगळं काळंच. मग चाकाच्या भोकात बोट फिरवलं. भोकाची कड वाटीसारखी उतरती होती आणि आमचे जुने नट बुडाशी सपाट. नट नुसता काठावर टेकत होता, आत बसतच नव्हता.

"मामा, चाकं बरोबर आहेत. नट चुकलेत."

त्यांनी नट हातात घेऊन फिरवला, भोकाला लावून पाहिला. "खरं हाय गो," एवढंच म्हणाले.

पनवेलच्या मोहल्ल्यात एक म्हातारे मुसलमान कारागीर लेथ चालवत. दुसऱ्या दिवशी जुनी चाकं परत चढवून आम्ही तिथे गेलो आणि नव्यांपैकी एक चाक, तुटलेला बोल्ट आणि जुना नट त्यांच्यापुढे ठेवला. मी म्हणाले, "याच्यासारखा बोल्ट एक. नट वीस. बूड निमुळतं हवं, या भोकात घट्ट बसेल असं. त्यातले दहा सरळ आट्यांचे आणि दहा उलट्या."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "उलटे आटे तुला कोणी सांगितले, बेटी?"

"आधी मामांनी, मग गाडीने."

"गाडी खरं बोलते," ते म्हणाले. "माणसं हुज्जत घालतात." चार दिवसांनी त्यांनी बोल्ट आणि नट दिले. उलट्या आट्यांच्या प्रत्येक नटावर छिन्नीने एक खूण केली होती.

तो बोल्ट घालून नव्या नटांनी नवी चाकं बसवायचं काम मी त्यांच्या दुकानासमोर, भर बाजाराच्या दिवशी केलं. मामा म्हणाले होते, घरी जाऊन करू. मी म्हटलं, इथेच. लुगड्याचा काष्टा आवळला आणि जॅक लावला. एक नट आवळला की शेजारचा सोडून पुढचा, म्हणजे चाक सरळ बसतं. गाडी खाली उतरवल्यावर पान्यावर पाय देऊन उभी राहिले आणि वीसच्या वीस नट पुन्हा आवळले. माणसं जमली होती. गॅरेजचा मिस्त्रीही हात बांधून उभा होता आणि शेठ आपल्या पेढीच्या पायरीवरून बघत होते. कुणीतरी म्हणालं, "चाक पडंल वाटंत." मी मान वर केली नाही.

गावच्या वाटेवर तीनदा गाडी थांबवून मी पाना लावून पाहिला. एकही नट हलला नव्हता. त्या हंगामात आमचं सगळं मीठ आमच्याच गाडीतून गेलं. शेजारच्या दोन घरांनीही शेठची लॉरी सोडून आपल्या गोणी आमच्याकडे दिल्या.

पुढच्या वर्षी मामांचं मनगट अगदीच गेलं, तेव्हा त्यांनी मला गाडी चालवायला शिकवलं. गावातली चार जाणती माणसं ओटीवर येऊन बसली. म्हणाली, "सून गाडी चालवनार? लोकं काय बोलतील?"

मामा म्हणाले, "मंग तुमी चालवा. सकाळी चाळीस गोनी भरायच्या हायत."

चहा पिऊन सगळे गेले. सकाळी मीच गाडी काढली.