सत्तावीस नंबरची हजेरी

या सदरात छापून येणारे अनुभव मी नेमाने वाचतो आणि, राग मानू नका, नेमाने हसतो. एकतीस वर्षं लातूरला गणित शिकवलं. समोरच्यानं 'सर, भूत' म्हटलं की मी म्हणायचो, 'सिद्ध कर, पूर्ण मार्क देतो.' लिंबू, उतारा, अमावास्या यांतलं काही मी कधी मानलं नाही, आजही मानत नाही. आमच्या सौ.नं तर कोर्टात सांगावं तसं सांगितलंय, की हा माणूस स्मशानाच्या भिंतीला टेकून पेपर तपासेल. आणि तरीही हे लिहितोय... कारण लिहिण्यासारखं एकच आहे, आणि ते ज्या बाईपासून लपवायचं होतं ती आता राहिली नाही.

निजामाच्या राज्याची शेवटची वर्षं. आमच्या मुखेडातून मॅट्रिक झालेली पोरं बोटांवर मोजण्याइतकी. त्यांतला मी एक. पुढं शिकायचं तर हैदराबाद. वडिलांनी कुणाच्या तरी ओळखीनं मला पाद्र्यांच्या खासगी कॉलेजात घातलं. नाव देत नाही, कॉलेजचा दोष नाही. दगडी इमारत, मागं चर्च, बाजूला होस्टेल. ख्रिस्ती पोरं सकाळी प्रार्थनेला जायची, तेव्हा आम्हा हिंदू-मुसलमान पोरांना नीतिशास्त्राचा तास असे. फी मला माफ होती, पण वर्तणुकीच्या अटीवर. हे लक्षात ठेवा.

माझ्या शेजारी बसायचा माणिक. इस्लापूरचा, सहस्रकुंडाच्या धबधब्याजवळचा. घरी कापूस-ज्वारीची शेती, एकुलता एक. तो सत्तावीस नंबर, मी अठ्ठावीस. सकाळ-संध्याकाळ स्टडी हॉलमध्ये हजेरी व्हायची, आणि तिथं नाव नव्हतं, नंबर होता. आपला नंबर आला की म्हणायचं, 'आडसुम.' लॅटिनमध्ये 'मी इथे आहे'. माणिक उर्दू शाळेतून आलेला. पहिल्याच दिवशी नंबर पुकारल्याबरोबर ताडकन उभा राहिला आणि ओरडला, "हाजिर जनाब!" सगळा हॉल हसला. त्यानंतरही महिनाभर त्याच्या तोंडून तेच निघायचं. मग सुटलं.

हजेरी घ्यायचे स्वतः फादर रेक्टर. म्हातारे, गोरे, काचेच्या तळासारखा जाड चष्मा. त्यांना तिसऱ्या बाकापलीकडचं दिसत नसे. पुकारताना पोरांनी मान वर करायची नाही, वाचत राहायचं आणि वाचता वाचता उत्तर द्यायचं, असा त्यांचा नियम. म्हणजे फादर माणसं मोजत नसत, आवाज मोजत. पोरांनी त्याचा फायदा घेतला नसता तर ती पोरं कसली! शहरात पिक्चरला जाणाऱ्याचं 'आडसुम' शेजाऱ्यानं द्यायचं, ही रीतच होती. मी त्यात वस्ताद. माणिकचा घोगरा आवाज मला असा साधायचा की तो स्वतः म्हणे, "दत्त्या, मी मेलो तरी कॉलेजाला पत्ता लागायचा न्हाई."

थट्टेत म्हणायचा.

एका शुक्रवारी त्याला घरून कार्ड आलं. आईला ताप, आठ दिवस अंथरुणावर, सारखी तुझं नाव घेते. माणिक कार्ड घेऊन फादरांकडं गेला आणि पडलेल्या चेहऱ्यानं परत आला. परीक्षा तोंडावर होती, आणि नियम असा, की तार आली तरच रजा. कार्डावर रजा नाही.

"जातो मी," तो म्हणाला. "शनवारी संध्याकाळच्या गाडीनं. मुदखेड जंक्शनला उतरून किनवटची गाडी धरतो. मायला बघतो अन् मंगळवारी संध्याकाळच्या हजेरीला परत. तोवर तू सांभाळ."

"आणि मंगळवारी?"

"मंगळवारी संध्याकाळी मी सोता हाजिर. तू तोंड उघडू नको हां, दोघंबी ओरडलो तर दोघंबी घरी."

शनिवार संध्याकाळचं आडसुम मी दिलं. रविवार सकाळचंही. रविवारी दुपारी मात्र एक विपरीत घडलं. स्टडी चालू असताना, हजेरीची वेळ नसताना, फादर हॉलमध्ये आले. हातात कसलासा कागद होता. दारातच थांबून त्यांनी पुकारलं, "नंबर ट्वेंटी-सेव्हन?"

चोराच्या मनात चांदणं. मला वाटलं, कुणीतरी चुगली केली. क्षणभरच... मग खाली मान घालून, छातीतून घोगरा आवाज काढून मी म्हणालो, "आडसुम, फादर."

"गुड," म्हणाले आणि गेले. मागच्या बाकावरून कुणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली. त्या संध्याकाळी मी मेसमध्ये हिरो होतो. दोन वाट्या खीर जास्त मिळाली, आणि ती मी चवीनं खाल्ली.

सोमवारी दोन्ही वेळा त्याची हजेरी मी दिली. मंगळवारी सकाळीही. संध्याकाळ झाली, दिवेलागणीची हजेरी सुरू झाली, पण शेजारची जागा रिकामीच. मी दाराकडं चोरून बघत होतो. गाडी लेट असेल, मागच्या दारानं घुसेल, ऐनवेळी ओरडेल... ठरल्याप्रमाणं मी तोंड बंद ठेवलं. चोवीस, पंचवीस, सव्वीस. "ट्वेंटी-सेव्हन?"

"हाजिर जनाब!"

आवाज माझ्या उजव्या बाजूनं आला, हातभर अंतरावरून. घोगरा. मी मान वळवली. बाक रिकामा होता. त्याच्या वहीवर शनिवारी मीच ठेवलेली माझी पट्टी जशीच्या तशी पडलेली होती. माझा नंबर दोनदा पुकारला गेला तेव्हा कुठं माझ्या तोंडून आडसुम निघालं.

मागचा कुणीतरी मजा करतोय, असं मी स्वतःला समजावलं. दुसरं काय समजावणार?

बुधवारी सकाळी फादर हजेरीला आले ते एक पुडकं घेऊन. पुडक्यात आमच्या लायब्ररीचं पुस्तक होतं, माणिकच्या नावावर घेतलेलं. मुदखेडच्या स्टेशनमास्तरांनी पाठवलेलं. फादरांनी जे सांगितलं त्याचा अर्थ लागायला मला वेळ लागला. रविवारी पहाटे माणिक मुदखेडला उतरला तोच पटकीनं आडवा झाला. स्टेशनमास्तरांनी कॉलेजला तार केली : तुमचा सत्तावीस नंबरचा विद्यार्थी म्हणवणारा एक मुलगा इथे फार आजारी आहे, तुमचाच का, ते कळवा, म्हणजे नांदेडच्या दवाखान्यात पाठवतो. ती तार हातात घेऊनच फादर रविवारी हॉलमध्ये आले होते. आणि त्यांनी उलट तार केली, की तो विद्यार्थी इथेच हजर आहे.

दिवस मावळायच्या आत माणिक गेला. हमालांनी यार्डापलीकडच्या ओढ्यावर त्याला अग्नी दिला, बेवारस म्हणून. मास्तरांनी त्याची पेटी दुसऱ्या दिवशी उघडली, तेव्हा पुस्तक सापडलं.

फादरांनी हजेरीपट डोळ्यांजवळ धरून वाचला. शनिवार संध्याकाळपासून मंगळवार संध्याकाळपर्यंत सगळीकडे हजर. "हू आन्सर्ड फॉर हिम?"

अर्ध्या हॉलला माहीत होतं. एकानंही माझ्याकडं बघितलं नाही, एवढी मैत्री त्यांनी पाळली. मला फी-माफी दिसत होती, वर्तणुकीची अट दिसत होती, मुखेडात वडिलांचं तोंड दिसत होतं. मी उठलो नाही.

"आणि काल संध्याकाळी," फादर अगदी हळू म्हणाले, "काल त्याने 'हाजिर' म्हटलं. जुनी खोड परत आली म्हणून मी त्याला रागावणार होतो."

म्हणजे त्यांनीही ऐकलं होतं. मी पुढं वर्षभर एकेकाला गाठून विचारलं : मंगळवारी कोण बोललं? छातीला बंदूक लावली तरी जे खोटं बोलणार नाहीत, अशांनाही विचारलं. ऐकलं सगळ्यांनी होतं. बोललं कुणीच नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीत मी इस्लापूरला निघालो. माणिकच्या आईवडिलांपुढं सगळं कबूल करायचं, ते मारतील तर मार खायचा, असं ठरवूनच. वाटेत मुदखेडला गाडी बदलायची होती. स्टेशनमास्तर भेटले, म्हातारे मुसलमान गृहस्थ. माणिकच्या अंगावर त्यांनी स्वतःची चादर घातली होती. मी 'त्याचा दोस्त' म्हटल्यावर माझा हात धरून बसले.

"बच्चा एकीच बात बोलता था," ते म्हणाले, "मेरा नंबर सत्ताईस है, पूछ लो, पूछ लो. पूछे ना हम, मियाँ. जवाब आया, वो तो यहीं है. फिर हम समझे, नाम झूठा, तो गाँव भी झूठा."

किनवटच्या गाडीत मी तोंडावर उपरणं घेऊन बसलो होतो. लाज वाटते म्हणणं फार थोडं झालं. मला माझा आवाज नकोसा झाला होता.

इस्लापुरात त्याच्या घराच्या ओट्यावर एक वाळलेली बाई कापूस निवडत बसली होती. हीच त्याची माय. बरी झाली होती. मी नाव सांगताच ती लगबगीनं उठली, माझ्या तोंडावरून हात फिरवून तिनं बोटं मोडली.

"तू दत्ता व्हय? ये बाबा, ये. तुज्यामुळं आला माजा लेक."

मला कळेना. मी म्हणालो, "माय, तो आला नाही... तो मुदखेडला—"

"ठावं हाय मला, कुठं गेला त्ये. पर आदी आला न्हवं. मंगळवारी दिवा लावायच्या टायमाला. चार दीस पानी उतरत नव्हतं माज्या गळ्यातून. म्या हाक मारली, माणका रे! तर दारातून वरडला, हाजिर जनाब! शाळंत जायचा तवापासून असंच वरडायचा, मेला. मग पायथ्याशी बसून तळपाय चोळले माजे. म्या म्हनलं, कालेज बुडलं न्हाई का? तर म्हनतो, दत्त्या हाय तितं माज्या जागी, फिकीर करू नगं. सकाळी मला भूक लागली."

माणिकचे वडील दाराला टेकून उभे होते. ते एवढंच म्हणाले, "कुनी आलं नव्हतं. म्या घरातच व्हतो. पर तिनं मंगळवारीच सांगितलं, ह्ये खरं हाय. कालेजाची तार बुधवारी आली."

गणिताचा मास्तर म्हणून मी हे सगळं पाटीवर मांडून बघितलंय. बाईला ताप होता, तापात भास होतात. माझं नाव माणिकनं पत्रात लिहिलं असेल. मनी वसे ते स्वप्नी दिसे. ठीक. पण तिकडे हैदराबादेत, त्याच दिवशी, त्याच वेळी, त्याच शब्दांत शंभर पोरांनी आणि एका म्हाताऱ्या पाद्र्यानं ऐकलं, त्यांना कुठला ताप होता? इथं माझं गणित अडतं. पन्नास वर्षं अडलंय.

आणि खरी गोष्ट अजून पुढंच आहे. मी कबूल करायला गेलो होतो ना? शब्द जिभेवर होते. तेवढ्यात त्या माउलीनं आतून भाकरी-ठेचा आणला, ताटाशी बसली आणि म्हणाली, "तू त्याच्या नावाची हाजरी दिलीस, म्हनून त्याला येता आलं. तुजे लई उपकार हायेत बाबा." आता हिला सांगू, की ती हजेरी दिली नसती तर तो जिवंत आला असता? नसेलही आला, पटकी कुणाला सोडते... पण दवाखान्यात तर गेला असता. कुणीतरी त्याला त्याच्या नावानं हाक मारली असती.

मी भाकरी खाल्ली. सांगितलं नाही.

त्यानंतर दर वर्षी तिनं किनवटच्या गाडीच्या गार्डबरोबर माझ्यासाठी सीताफळांची करंडी धाडली. आधी मी नांदेडला राहत होतो तिथं, मग लातूरची नोकरी लागल्यावर नांदेडहून कुणाच्या ना कुणाच्या हाती. एकदाही चुकली नाही. मी तीही खाल्ली. मुलाबाळांना वाटली. 'कुणी पाठवली?' विचारलं तर म्हणायचो, मित्राच्या आईनं.

लातूरच्या शाळेत माझे विद्यार्थी मला विक्षिप्त म्हणायचे. मी कधी कुणाला 'हजर' म्हणू दिलं नाही. वर्गभर फिरायचो, प्रत्येकाच्या तोंडाकडं बघायचो, मग टिक करायचो. हेडमास्तर म्हणायचे, दहा मिनिटं फुकट घालवता. घालवली.

माणिकची माय गेल्या उन्हाळ्यात गेली. करंडी आता येणार नाही, आणि कुणाचं मन मोडायची भीतीही उरली नाही, म्हणून हे लिहिलं. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हे पुन्हा सांगतो. त्या मंगळवारी संध्याकाळी सत्तावीस नंबरची हजेरी कुणी दिली, ते मला आजही माहीत नाही. रविवारी दुपारी कुणी दिली, ते माहीत आहे.