ताराक्काने घेतलेले शनिवार

ताराक्का गेल्याचा फोन माझ्या मोबाईलवर आला नाही, ह्यांच्या मोबाईलवर आला. ती माझ्या सख्ख्या मावशीची मुलगी, आणि बातमी मला माझ्या नवऱ्याकडून कळली. सकाळी मी डबे भरत होते. हे फोन कानाला लावून नुसतं ‘हां, हां’ म्हणत राहिले, मग खुर्चीत बसले आणि म्हणाले, “अक्का गेल्या. झोपेतच.” खोटं कशाला बोलू, मला आधी दुःख झालं नाही. आधी मनात आलं, तिच्या भावाने मला का नाही फोन केला? आज सहा आठवडे झाले. अशा लेखात गेलेल्या माणसाचं चांगलं तेवढंच लिहायची पद्धत आहे. मीही तेच लिहिणार आहे, फक्त ते लिहिताना माझी शोभा होणार, त्याला इलाज नाही.

आमची दोन्ही घरं म्हैसूरच्या जुन्या फौजेतल्या मराठ्यांची. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड, आणि भांडण लागलं की दोन्ही. तारा माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. तिची वापरलेली गणिताची पुस्तकं माझ्याकडे यायची, त्यात उदाहरणांची उत्तरं पेन्सिलीने आधीच लिहिलेली असायची. मला चुकायचीसुद्धा सोय नव्हती. मी पुढे गणिताचीच शिक्षिका झाले, तर मावशी म्हणायची, “होणारच, ताराची पुस्तकं होती ना!” तारा वकील झाली. तिने लग्न केलं नाही. लष्कर मोहल्ल्यात गाड्यांचे सीट-कव्हर शिवणाऱ्या एका दुकानाच्या वर तिने ऑफिस थाटलं आणि अपघाताच्या दाव्यांचंच काम धरलं. तिच्याकडे येणारे बहुतेक दुचाकीवाले. कुणाचा पाय प्लास्टरमध्ये, कुणाचा खांदा उतरलेला. ज्यांना जिना चढवत नसे त्यांच्यासाठी तीच खाली उतरायची आणि दुकानातल्या रेक्झिनच्या ढिगाऱ्यावर बसून त्यांचं ऐकून घ्यायची. सगळे तिला देवमाणूस म्हणायचे, आणि ते ऐकलं की माझं तोंड कडू व्हायचं.

ह्यांचा अपघात झाला तो हुणसूरहून येताना. एका साखरपुड्याहून परतत होते, मोटारसायकलवर एकटेच, हेल्मेट घातलेलं. पेट्रोल पंपातून एक कार इशारा न देता रस्त्यावर आली. हे तिच्या दिव्यावर आदळले, आणि फुटलेल्या काचेने उजवं मनगट आतून कापलं. कारवाला भला दिसत होता. दवाखान्यात तो स्वतःच घेऊन गेला, उपचाराचं मी बघतो, पोलीस कशाला, असं म्हणत होता. आपल्याकडे निम्मी माणसं इथेच फसतात, असं ताराक्का नेहमी सांगे. भिडेपोटी मान डोलावतात, आणि मग अपघात झाला होता याचाच कागद उरत नाही. ह्यांनी डाव्या हाताने तिला फोन लावला. ती म्हणाली, कशावरही सही करू नका, दवाखान्याच्या नोंदीत अपघात म्हणूनच लिहायला लावा, मी पोलिसांना घेऊन येते. जागेचा पंचनामा, ज्याला आमच्याकडे महजर म्हणतात, तो तिने त्याच दिवशी करून घेतला. हे सगळं झाल्यावर मला फोन आला. मी विचारलं, आधी मला का नाही? “तू सुम्मने घाबरली असतीस,” हे म्हणाले. सुम्मने, म्हणजे उगीचच. तो शब्द मी किती दिवस उरात घेऊन फिरले.

जखम भरली. बोटं हलू लागली, भात कालवता येऊ लागला. लोक म्हणायचे, नशीब थोर, हात वाचला. पण तळव्यातली आणि बोटांतली जाणीव गेली ती परत आलीच नाही. हे मेटगळ्ळीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होते. घासलेल्या लोखंडावरून बोट फिरवून काम कुठे राहिलंय ते सांगायचे, मापाचं यंत्र नंतर. त्यांना मशीनवरून काढून स्टोअरमध्ये बसवलं. पगार तोच, म्हणून विमा कंपनी म्हणू लागली की नुकसान झालंच कुठे? डॉक्टरांच्या दाखल्यातही अपंगत्व थोडकंच लिहिलेलं. ताराक्काचं म्हणणं असं, की हात किती वाकतो हे डॉक्टर सांगतील, पण त्या हाताचं काय गेलं हे त्या हाताच्या मालकालाच ठाऊक, आणि ते कायद्याने मागता येतं.

म्हणून शनिवार सुरू झाले. दुपारी ड्यूटी सुटली की हे थेट लष्कर मोहल्ल्यात जायचे. ती म्हणायची, सकाळी उठल्यापासून सांगा, एकही गोष्ट गाळू नका. आणि हे सांगायचे! घरी चार शब्दांवर पाचवा न बोलणारा माणूस तिथे तास-दीड तास बोलायचा. परत आले की चेहरा हलका. मी चहा देत विचारायचे, काय झालं? “काही नाही, केसचंच.” मी जळायचे... दुसरा शब्द नाही त्याला. त्यांच्यात तसलं काही आहे असा संशय मला कधीच आला नाही. तसा आला असता तर सोपं गेलं असतं, मी सरळ भांडले असते.

मग लोकअदालतीत तडजोड करायचा प्रस्ताव कंपनीकडून आला. मी ह्यांच्या मागे लागले, घेऊन टाका, कोर्टाचे हेलपाटे पुरे झाले. मला खरं म्हणजे शनिवार संपवायचे होते. हे हो-नाही करत राहिले तेव्हा मी एकटीच तिच्या ऑफिसात गेले आणि तडजोड करून टाक म्हणून सांगितलं. तिने चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं, तिला सगळं नेहमीच कळायचं.

“पद्मी, तू म्हटलंस तर ते सही करतील. पण त्यानंतर त्यांना काही मागता येणार नाही, गोत्तु आहे ना, ठाऊक आहे ना तुला?” ती म्हणाली. “मंगळवारी त्यांची उलटतपासणी आहे. मागच्या बाकावर येऊन स्वल्प बस. ऐकून घे. मग तू सांगशील तसं करू.”

मी रजा टाकून गेले. विमा कंपनीचे वकील हसतमुख होते. त्यांनी ह्यांना बोटं उघडायला लावली, मिटायला लावली, पेन धरायला लावलं. सगळं जमलं. मग त्यांनी ताराक्काने तयार केलेलं ह्यांचं शपथपत्र उचललं आणि कन्नडमधून मोठ्याने वाचलं, की पत्नीने हात धरला तर मला कळत नाही, खाली पाहिल्यावर समजतं. म्हणाले, “हे तुमच्या वकीलबाईंनी रचलं, हो ना?”

“नाही साहेब. मी सांगितलं,” हे म्हणाले.

“मग डॉक्टरांच्या कागदात का नाही?”

“डॉक्टरांनी विचारलं नाही. अक्कांनी विचारलं.”

संध्याकाळी आम्ही चालायला जायचो तेव्हा मी त्यांचा तोच हात धरायचे. हे मध्येच खाली पाहायचे, मला वाटायचं रस्त्यात खड्डे आहेत म्हणून पाहतात... मी तरी कुठे विचारलं होतं? माझ्याच हाताची गोष्ट मला एका परक्या वकिलाच्या तोंडून, टाइप केलेल्या कागदावरून कळली, आणि ती लिहिणारी समोर काळ्या कोटात खाली मान घालून उभी होती. मला रडू आलं ते ह्यांच्यासाठी थोडं आणि माझ्यासाठी जास्त.

बाहेर पायऱ्यांवर ताराक्काने मला विचारलं, तडजोडीचं काय करू? मी नको म्हटलं. त्यावर तिने माझी बोटं धरली, ह्यांच्या उजव्या मनगटाच्या वर, जखमेच्या वणापासून कोपराकडे चार बोटांच्या अंतरावर नेऊन ठेवली. “इथं धर. इथून वर कळतं त्यांना.” हे संकोचून हसले. मी हात झटकून काढून घेतला. माझ्या नवऱ्याला कुठे धरायचं हे आता हिने दाखवायचं?

निकाल आमच्या बाजूने लागला. माणसाचा हात फक्त पगारासाठी नसतो, अशा अर्थाचा एक अख्खा परिच्छेद न्यायाधीशांनी लिहिला होता. हे पेढे घेऊन तिच्याकडे गेले. मी डोकं दुखतंय म्हणून घरी राहिले. त्यानंतर दोन वर्षं मी चालताना त्यांच्या डाव्या बाजूलाच राहिले. डाव्या हाताला सगळं कळत होतं, त्यासाठी कुणाला विचारायची गरज नव्हती. ताराक्काला हे दिसलं असणार. बोलली कधीच नाही. दिवाळीला फराळ पाठवायची, मी तिच्याहून जास्त पाठवायचे.

मागच्या शनिवारी तिच्या भावाने ऑफिस रिकामं करायला घेतलं, आमची फाइल न्यायला बोलावलं. मी प्रथमच ह्यांच्याबरोबर तो जिना चढले. कपाटं उघडी, भिंतीवर कॅलेंडर, आणि शनिवारी हे बसायचे ती खुर्ची. खुर्ची टेबलाच्या पलीकडे नव्हती, तिच्या खुर्चीला लागून होती. ते पाहूनही मला टोचलं, बाई गेली तरी. हे तिथे बसले नाहीत. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले आणि त्यांचे खांदे हलू लागले. मी उजव्या बाजूला गेले. मनगटाच्या वर, चार बोटांच्या अंतरावर धरलं. ते खाली न पाहता म्हणाले, “किती गार हात तुझा.”

आता रोज संध्याकाळी मी तिथेच धरते. ती जागा मला तिने दाखवली, हे अजून खुपतं. धरल्यावर हे खाली पाहत नाहीत.