तात्यांच्या नावाचा मसाला

तात्या कुणालाही माफ करत नसत आणि ते लपवतही नसत. "माका विसरूक येणा नाय," हे ते इतक्या सहज सांगत, की जणू एखाद्याने म्हणावं, मला गोड चालत नाही.

आखातात, मंगफमध्ये आमच्या इमारतीखाली त्यांचा बकाला होता, म्हणजे कोपऱ्यावरचं किराणा दुकान. मूळचे कुडाळचे. युद्धात लुटलं गेलेलं दुकान त्यांनी गावाहून परतून पुन्हा थाटलं होतं. माझे यजमान मीना अब्दुल्ला इथल्या रिफायनरीत नोकरीला. ते कामावर गेले की मी खाली उतरत असे, ती बऱ्याचदा तात्यांशी बोलायलाच. मालवणी मसाला ते स्वतः भाजत. सगळ्या जिन्यात खमंग वास भरला, की इमारतीतल्या बायका आपोआप पिशव्या घेऊन खाली येत.

एकदा एका घाऊक व्यापाऱ्याने त्यांना भेसळीची हळद दिली. तात्यांनी ते पोतं त्याच्या दुकानात नेलं आणि गिऱ्हाइकांदेखत त्याच्या गल्ल्यावर रिकामं केलं. पुढे हळदीसाठी त्यांना थेट शहरात जावं लागे. ते जात.

मग समोर ते मोठं सुपरमार्केट आलं. त्याचा मॅनेजर आपल्याच देशातला, टाय लावणारा, गोडबोल्या. "तात्या, आप तो हमारे बड़े भाई हैं," म्हणत त्याने मसाला विकायला म्हणून मागून नेला. थोड्याच दिवसांत तिथे तात्यांच्यासारखाच हिरवा पुडा दिसू लागला, वर 'तात्या मालवणी मसाला', किंमत निम्मी. माल मात्र दुसऱ्याच कुणाचा. शेजारची शैला, हॉस्पिटलात नर्स, एके दिवशी तरातरा आली.

"तात्या, तुमच्या मसाल्याने पोरांची पोटं बिघडली!"

तात्यांनी पुडा फोडून वास घेतला. त्यांचा चेहरा असा मी कधी पाहिला नव्हता. "ह्यो माजो मसालो न्हय," ते म्हणाले. आणि मग, अगदी हळू, "त्याका आता सोडूचंय नाय."

शुक्रवारच्या संध्याकाळी, भर गर्दीत, ते त्या सुपरमार्केटात गेले. आम्ही दोघी मागे. त्यांनी पुडा विकत घेतला, पावती खिशात ठेवली आणि दारातच काचेच्या पेल्यातल्या पाण्यात चमचाभर मसाला टाकला. पाण्यात लालभडक रंगाचे ओघळ उतरले. "देखो, ये क्या खिला रहे हैं आपको!" तात्या ओरडले. पहारेकऱ्यांनी त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं. मॅनेजर हसत होता. ते हसणं मलाही विसरता आलेलं नाही.

तात्या पुडा आणि पावती घेऊन बलदियात, म्हणजे नगरपालिकेत गेले. तपासणीवाले आले, पुडे उचलून नेले, मॅनेजरची बदली झाली. आम्ही पेढे वाटले. पण महिन्याभरात तोच माल नव्या नावाने फळीवर परतला, आणि आमच्या इमारतीच्या मालकाने बकाल्याची जागा त्या सुपरमार्केटला गोदामासाठी देऊन टाकली.

आम्हाला वाटलं, तात्या खचतील. त्यांनी आम्हा बायकांना दुकानात बोलावलं, शेगडी पेटवली आणि इतकी वर्षं कुणालाही न सांगितलेला मसाला डोळ्यांसमोर करून दाखवला. कुठली मिरची, धणे किती भाजायचे, दगडफूल केव्हा टाकायचं, सगळं.

"अहो तात्या, हे तर तुमचं पोट होतं," मी म्हटलं.

"आता त्येंच्या पोटार मारूया, वैनी. घराघरात शिकवा. एक पुडो खपता कामा नये."

आम्ही शिकवलं. शेजारच्या फहाहील गावापर्यंत, बॅचलर कामगारांच्या खोल्यांपर्यंत. मी तर ज्यांना मसाल्याशी देणंघेणं नव्हतं त्यांनाही धरून शिकवलं.

दुकान रिकामं झालं. कायमचे कुडाळला परतणाऱ्या तात्यांना विमानतळावर आम्हीच सोडायला निघालो. सुपरमार्केटसमोर त्यांनी गाडी थांबवायला लावली, एकटेच आत गेले आणि परत येऊन शांतपणे सीटवर टेकले.

"मसाल्याच्या जागेर साबण मांडल्यानी," ते म्हणाले. "चला आता."