आमच्या सरांचं महायुद्ध

जगात कुठंही ठिणगी पडू दे, ती कुणी टाकली, वारा कुणी घातला आणि आता कोण कोण होरपळणार, हे आमच्या शेजारच्या सरांना त्या त्या देशांच्या पंतप्रधानांच्या आधी कळतं. बार्शीच्या शाळेत इतिहास शिकवून सर निवृत्त झाले आणि सोलापुरात आमच्या भिंतीला भिंत लावून राहायला आले. शाळा सुटली, महायुद्ध काही सुटलं नाही. नव्या पेठेत दारात लावलेल्या स्कूटरवरून दोन कापडवाल्यांची जुंपली, तर हा गृहस्थ मधोमध उभा राहून मला समजावतोय, "ही ठिणगी. आता याचा मेहुणा धावून येईल. तो करार. मग त्याचा चुलता. झालं महायुद्ध!" मेहुणा आला तो थेट सरांनाच ढकलून पुढं गेला. "तटस्थ राष्ट्रांचं हे असंच होतं," चष्मा शोधत सर म्हणाले. सरांच्या मंडळी, म्हणजे आमच्या काकू, अक्कलकोटच्या. रागावल्या की कानडीत पुटपुटतात आणि चहा बंद करतात. सर त्याला नाकेबंदी म्हणतात आणि गुमान आमच्याकडे चहाला येतात.

एवढा शहाणा माणूस, पण सख्ख्या भावाशी बिनसलं ते एका फेट्यावरून! धाकटा भाऊ गावाकडे, केमला, शेती करायचा. त्याच्या मुलीच्या लग्नात घाईगडबडीत मानाचा पहिला फेटा सरांच्या आधी भावाच्या मेहुण्याला बांधला गेला. सर न जेवता उठले. पुढचं सगळं पुस्तकात असतं तसंच झालं. बहिणींनी बाजू घेतल्या, चुलत भाऊ फुटले, ज्यांनी लग्नात तोंडही दाखवलं नव्हतं तेही हिरिरीनं उतरले. "युद्ध कुणालाच नको असतं रे," सर मला सांगायचे, "पण एकदा सैन्य सीमेवर नेलं की माघारी आणणं कमीपणाचं वाटतं."

"मग तुम्हीच आणा की माघारी."

"त्यानं बोलवू दे आधी. हुरड्याचं आवतण आलं की निघालोच बघ."

दर थंडीत सर त्या आवतणाची वाट बघायचे. शेवटी न राहवून मीच भावाला फोन केला. तो हसला. "आवतण? घरच्या मानसाला आवतण धाडतंय व्हय कुणी? दादाचंच रान हाय की. यावं कवाबी." मी धावत जाऊन हे सांगितलं. सरांचा चेहरा क्षणभर उजळला आणि लगेच आवळला. "हे त्यानं तुला सांगितलं. मला नाही." अस्सा राग आला मला! हात धरून गाडीत बसवावं वाटलं, पण सरांचा हात कोण धरणार?

यंदा ज्वारी हुरड्यात आली आणि केमहून काकूंना फोन आला. भाऊ रानातच कोसळला होता. दवाखान्यात न्यायच्या आधीच गेला. मयताला कुणी आवतणाची वाट बघत नाही. सर अंगावरच्या कपड्यांनिशी निघाले, सोबत मी.

अंगणात बायकांचा आक्रोश चालला होता. सरांना बघून भावजय म्हणाली, "दादा, दरसाली तुमच्या वाटणीची कणसं राखून ठिवायचे वो. म्हनायचे, यील की दादा, जातोय कुटं."

सर उंबऱ्यावरच बसले. पोटच्या पोरासाठी रडावं तसे रडले.

परतीच्या गाडीत सर स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "युद्धं कशी पेटतात ते जन्मभर शिकवलं. तह कसा होतो त्याचा एक छोटा धडा होता. परीक्षेला यायचा नाही, म्हणून दरवर्षी सोडून द्यायचो."

कुर्डुवाडी गेलं, माढा गेलं, आणि सर खिडकीतून दुसऱ्यांची रानं बघत राहिले.