दिलावरभाईचा पहिला घास

"चांदे, पदर डोक्यावर घेतलास की जेवण चांगलं, खांद्यावर टाकलास की वाईट. ध्यानात राहील ना?"

"आवं अरफाचे अब्बा, माझा पदर कायम डोक्यावरच असतो. मग सगळंच चांगलं व्हायचं."

"बरं, मग खोक."

"खोकले तर चांगलं का वाईट?"

दिलावरनं कपाळावर हात मारला. नगरच्या सावेडीतल्या सभागृहाच्या पायरीवर उभं राहून तो सकाळपासून तिसऱ्यांदा घाम पुसत होता, आणि ऊन तर अजून पायरीपर्यंत आलंही नव्हतं.

आत रेडिओवेड्यांचं संमेलन भरलं होतं. वर्षानुवर्षं फर्माईश पाठवणारी ही माणसं. निवेदकाच्या तोंडून एकमेकांची नावं पाठ झालेली, पण तोंडं अजून पुरती ओळखीची नसलेली. "म्हंजे तुमीच का ते पाथर्डीचे?" असं म्हणत मिठ्या मारणं चाललं होतं. काष्टीचा दिलावर तांबोळी यांच्यात वेगळ्याच कारणानं नावाजलेला. कांद्याचा टेम्पो चालवता चालवता त्यानं जिल्ह्यातली एकूण एक खानावळ पालथी घातलेली. जिथं जेवायला थांबे तिथून श्रोता मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बोलून पाठवी : "नमस्कार मंडळी, टेम्पो बाजूला घेतलाय, घास तोंडात हाय..." त्याचं नावच पडलं होतं 'आजचा घास'. लोक लग्नाला निघाले तरी वाटेत कुठं जेवायचं ते आधी दिलावरभाईला विचारत.

मागच्या संमेलनात मांडवातला मसालेभात बाधला आणि निम्मे श्रोते भाषणं सोडून नळाकडं पळत राहिले. म्हणून यंदा ठरलं, मांडवात जेवण नको. ज्यानं त्यानं बाहेर जेवावं. त्यावर ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, 'नगरात दिलावरभाई असताना काळजी कसली!' आणि खाली अंगठ्यांची रांग लागली.

काळजी कसली ते फक्त त्याच्या बायकोला, चांदबीला, ठाऊक होतं. वर्षापूर्वी दिलावरला ताप आला, आणि जाताना नाकातला वास घेऊन गेला. वासापाठोपाठ चवही गेली. मीठ कळे, मिरची भाजे, बाकी सगळं ओला पुठ्ठा चावल्यासारखं. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. ती काही आली नाही. दिलावर मात्र जुन्या आठवणींवर 'आजचा घास' पाठवत राहिला. ते एक वेळ चाललं असतं. पण मागच्या महिन्यात चांदबी शेजारी गेलेली असताना त्यानं पातेल्यातली आमटी चाखली, "झकास हाय" म्हणाला आणि नातवाला, फैयाजला, ताटभर वाढली. आमटी आंबली होती. पोराला सलाइन लावावं लागलं. तेव्हापासून दिलावर घरात कशालाच चांगलं-वाईट म्हणत नव्हता.

आणि आज त्याला दहा-बारा माणसांना जेवू घालायचं होतं. त्यातली निम्मी साठीच्या पुढची.

"सरळ सांगून टाका की," चांदबी म्हणाली.

"काय सांगू? वर्षभर खोटं बोललो म्हनून?"

"मग मला जीभ म्हनून कशाला आनलंत? टेम्पोला स्टेपनी असती तशी?"

"हळू बोल गं!"

जेवणाची सुट्टी व्हायच्या बेतात होती, तेवढ्यात आत 'ओळखा आवाज' ही स्पर्धा सुरू झाली. पडद्यामागून जात्याची घरघर, लोहाराचा भाता, कडबा कापायचं यंत्र असे एकेक आवाज. चांदबी सहज म्हणून दारात टेकली आणि एकही न चुकता थेट शेवटच्या फेरीत जाऊन बसली. बायका तिला उठू देईनात. दिलावर दारातून हातवारे करतोय, आणि ही ठसक्यात माईकवर सांगतेय, "हे रहाटाचं न्हाई, पिठाच्या गिरनीच्या पट्ट्याचं कुरकुरनं हाय!" टाळ्या पडल्या.

"चला भाई, पोटात कावळे कोकलाय लागले," रामहरी देशमाने त्याच्या खांद्यावर हात टाकून म्हणाले. हे श्रीरामपूरचे निवृत्त पोस्टमास्तर, ग्रुपचे कर्तेधर्ते.

"सर, जरा घरच्यांना येऊ द्या..."

"त्या येतील मागून. पत्ता काय अवघड आहे? आक्काची खानावळ!"

मनमाड रस्त्याला असलेली ही खानावळ दिलावरनंच ग्रुपवर गाजवली होती. 'नगरात मासवडी खावी तर आक्काची.' काल तो मुद्दाम बघून गेला होता. आक्का गुडघ्याच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळलेली, गल्ल्यावर जावई, चुलीपाशी कुणी नवाच माणूस. दिलावरनं थाळी मागवली. मीठ लागलं, घशाला जाळ लागला, बस्स. मग तो शेजारच्या टेबलांवर डोळे लावून बसला. एकानं रस्सा मागून घेतला. हायसं वाटलं. दुसऱ्यानं अर्धी वाटी तशीच ठेवून हात धुतले. आता यातलं खरं कोणतं धरायचं?

आत शिरताच दिलावरनं नाकानं जोरात श्वास ओढला, जुनी सवय. काहीच नाही. जावयाला बाजूला घेऊन म्हणाला, "तेल ताजं हाय ना रे? मसाला कधीचा?"

"काका, कालच तर जेवून गेलात की! कसं होतं?"

दिलावर मंडळींत येऊन बसला. ताटं आली. मासवडी, तांबडाजर्द रस्सा, बाजरीची भाकरी, कांदा. कुणीच हात घालेना.

"जेवा की मंडळी, गार होतंय," तो म्हणाला.

"असं कसं?" रामहरींनी मोबाईल त्याच्या तोंडापुढं धरला. "पहिला घास तुमचा. आज समोरासमोर ऐकायचाय. हां, चालू केलंय बघा."

सगळी तोंडं त्याच्याकडं वळली. दिलावरनं भाकरीचा तुकडा मोडला. रश्श्यात बुडवला. दाराकडं बघितलं. चांदबीचा पत्ता नव्हता. घास तोंडात गेला. मीठ. जाळ. पुठ्ठा.

"नमस्कार मंडळी," तो म्हणाला. "आक्काची मासवडी म्हंजे... सारण खुसखुशीत, वरून बेसनाचं पातळ पान, आन् रस्सा..."

"ऐ दिलावर, थांब," पलीकडून आवाज आला. पाथर्डीच्या कडूबाई होत्या, सत्तरीच्या, नावाला जागणाऱ्या. "येक इचारू का? पैलं तू घास तोंडात ठिवून बोलायचास. निम्मे शबुद गिळायचास. मी सुनंला म्हनायची, हे मानूस भूक चाळवतंय बाई. आता वरीस झालं, बातम्या दिल्यावानी बोलतूयास. ह्या घडीलाबी तसाच. घास कुठाय तुझा?"

"गिळला की, मावशी."

"न चावता?"

कुणीतरी हसलं. रामहरी म्हणाले, "कडूबाई, खाऊ द्या हो त्यांना." आणि त्यांनी स्वतःच्या वाटीत भाकरी बुडवली.

दिलावरला त्या हातात फैयाजचा हात दिसला, सलाइनची सुई टोचलेला. त्यानं रामहरींचं मनगट धरलं. इतकं घट्ट, की मोबाईल कांद्यात पडला.

"खाऊ नका सर. कुनीच खाऊ नका. मला चव कळत न्हाई. वास येत न्हाई. वरीस झालं. हे चांगलं हाय का खराब, मला ठावं न्हाई."

दिलावरनं मान वर केली नाही. आता उठून जातील, त्याला वाटलं. ग्रुपवरून काढतील. रास्तच आहे.

कडूबाईंनी आपली वाटी उचलली, नाकाशी धरली, बोटाचं टोक बुडवून जिभेला लावलं. सगळे डॉक्टरच्या तोंडाकडं बघावं तसे त्यांच्याकडं बघत राहिले.

"खोबरं खवट हाय," त्या म्हणाल्या. "मरनार न्हाई कुनी, पर छातीत जळजळ व्हईल रातभर. ओ जावईबापू! ह्यो रस्सा न्या माघारी. पिठलं टाका ताजं, आमच्या म्होरं. ठेचाबी कुटा."

जावई ओशाळून वाट्या गोळा करू लागला. तेवढ्यात दारात चांदबी आली, काखेत बक्षिसाचा कुकर, आणि आल्या आल्या शर्थ केल्यासारखी खोकत सुटली.

"आता कशाला खोकतीस?" दिलावर पुटपुटला. "झालं सांगून."

"सगळं?"

"सगळं."

चांदबी त्याच्याशेजारी टेकली. कुणी उठलं नाही. रामहरी मनगट चोळत होते. मग म्हणाले, "एवढं झालं आणि मलाही बोलला नाहीत, भाई." त्यांच्या आवाजात राग होता, आणि तो राग दिलावरला उठून जाण्यापेक्षा बरा वाटला.

पिठलं आलं, वाफाळतं. रामहरींनी कांद्यातून मोबाईल उचलला, पुसला, पुन्हा दिलावरसमोर धरायला गेले आणि मधेच थांबले. कुणापुढं धरावा ते त्यांना कळेना. कडूबाईंनी तो ओढून घेतला. त्यांच्या गालात घास होता.

"नमश्कार मंडळी," त्या म्हणाल्या, निम्मे शब्द गिळत. "पिठलं हाय. लसूण करपायच्या येक घडी आदी काढलाय, तसा कडवट-गोड लागतूया... थांबा, गिळू द्या..."

दिलावरच्या हातातला घास तसाच अधांतरी होता. कडूबाईंचं बोलणं पुरतं संपेपर्यंत तो थांबला, मग त्यानं तो तोंडात घातला आणि डोळे मिटून, आठवत आठवत, सावकाश चावला.